परदेशातून : एसएटीचं एवढं काय कौतुक?

नीटचा निकाल लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं, प्रवेश परीक्षांचं हे थोतांड बंद करा आणि बारावीचे गुण धरा. दुसरा म्हणतो, बोर्डाच्या गुणांवर विश्वास कोण ठेवणार? परीक्षा हवीच, पण अमेरिकेसारखी हवी. मग दोन्ही तट माझ्याकडे वळतात, कारण मी न्यू जर्सीत राहतो आणि मुलगी अकरावीत असल्यामुळे आमच्याही घरात सध्या एसएटीचंच, म्हणजे अमेरिकेतल्या विद्यापीठ प्रवेशासाठीच्या परीक्षेचंच, वारं आहे. २०२४ साली नीटची पेपरफुटी, ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ जण, १,५६३ मुलांचे मागे घेतलेले वाढीव गुण आणि सर्वोच्च न्यायालयातल्या तारखा हे सगळं एकदम अंगावर आलं, तेव्हा थोरल्या मामांनी थेट विचारलं होतं, "काय रे, तुमच्याकडे असला गोंधळ होतो का?"

होतो. प्रश्न फुटल्यामुळे मे २०१३ मध्ये दक्षिण कोरियातली एसएटी रद्द करावी लागली होती. २०१९ मध्ये तर श्रीमंत आईबापांनी दलालाला पैसे चारून मुलांची उत्तरं दुरुस्त करून घेतल्याचं उघडकीला आलं. फेलिसिटी हफमन या अभिनेत्रीने त्यासाठी १५,००० डॉलर मोजले आणि तिला १४ दिवसांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. तेव्हा इकडचे सगळे सज्जन आणि आपले तेवढे लबाड, असं काही नाही.

परीक्षा आहे तरी कशी, ते सांगतो, कारण ग्रुपवर तिच्याबद्दल काहीबाही फिरत असतं. एकूण १६०० गुण, निम्मे गणिताचे, निम्मे वाचन-लेखनाचे. २०२४ पासून अमेरिकेत ती संगणकावर होते. ९८ प्रश्न, २ तास १४ मिनिटं. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत. दोन्ही विषयांचे दोन-दोन भाग असतात आणि पहिला भाग कसा सोडवला त्यावरून दुसरा सोपा द्यायचा की अवघड ते ठरतं. शेजारच्याच्या पडद्यावर डोकावून फायदा नाही, त्याला वेगळेच प्रश्न आलेले असतात. गणिताला कॅल्क्युलेटर पडद्यावरच दिलेला असतो. नीटची किंवा जेईईची तयारी करणाऱ्या लातूरच्या पोराला हे गणित पोरखेळ वाटेल.

वाचनाचं मात्र तसं नाही. शंभरेक शब्दांचा उतारा येतो. समजा, मधमाश्या अमुक कारणाने अमुक फुलाकडे वळतात असा एका शास्त्रज्ञाचा दावा आहे. खाली चार निरीक्षणं दिलेली असतात. त्यातलं कुठलं खरं ठरलं तर हा दावा डळमळेल? चारही वाक्यं मधमाश्यांबद्दलची, चारही पटण्यासारखी, आणि पाठांतराचा काडीचा उपयोग नाही. उतारा सावकाश वाचून लेखक नेमकं काय म्हणतोय आणि काय म्हणत नाहीये, एवढंच शोधायचं. पहिलीपासून पदवीपर्यंत आम्हाला असला प्रश्न कुणी घातला नाही. या एका बाबतीत मला इथल्या मुलांचा हेवा वाटतो.

आता ताणाचं. एसएटीच्या दिवशी, म्हणजे बहुतेक वेळा शनिवारी सकाळी, आईबाप मुलाला शाळेच्या दाराशी सोडतात आणि किराणा आणायला निघून जातात. आपल्याकडे बाहेर झाडाखाली सतरंजी टाकून बसतात, आणि आत जाताना पोरांच्या शर्टाच्या बाह्या, पायातलं, कानातलं सगळं तपासलं जातं. याचं कारण इथले पालक थंड डोक्याचे असतात हे नव्हे. (न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या आसपास आपलीच मंडळी सातवीतल्या मुलांना एसएटीच्या शिकवणीला घालतात. शिकवण्यांचं ते कोटा शहरच गाठीशी बांधून आणल्यासारखं.) कारण साधं आहे. एसएटी वर्षातून सात-आठ वेळा होते, परत देता येते, आणि बरीच विद्यापीठं वेगवेगळ्या वेळच्या परीक्षांमधले गणिताचे आणि वाचनाचे सर्वोत्तम गुण उचलून बेरीज करतात. गुण बेताचे पडले तरी कुठलंसं राज्य विद्यापीठ मिळतं. तेही नाही जमलं तर कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून मोठ्या विद्यापीठात जाता येतं. नीटला २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक मुलं बसली, एमबीबीएसच्या जागा लाखाहून थोड्या जास्त, आणि परीक्षा एकाच दुपारी. त्या दुपारी ताप भरला की वर्ष गेलं. तिथे एसएटी जशीच्या तशी नेऊन ठेवली तरी सतरंजी उचलली जाणार नाही.

मग परीक्षेचं वजनच कमी करा, असं पहिला तट म्हणेल. अमेरिकेने ते करून पाहिलं आहे. करोनाकाळात, २०२० मध्ये, बहुतेक विद्यापीठांनी एसएटी ऐच्छिक केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर ती काढूनच टाकली. गंमत म्हणजे त्याच विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या समितीने अभ्यास करून परीक्षा ठेवावी असा अहवाल दिला होता. तो बाजूला ठेवून नियामक मंडळाने निर्णय घेतला. समितीचे अहवाल इथेही फडताळात जातात, मामा.

परीक्षा गेल्यावर उरलं काय? शाळेतले गुण, शिक्षकांची शिफारसपत्रं, निबंध आणि 'इतर उपक्रम'. यातल्या एकेका गोष्टीला पैसा लागतो. निबंध घोटून देणारे सल्लागार तासावर पैसे घेतात. तलवारबाजी, उन्हाळी संशोधन, दूरदेशी जाऊन समाजसेवा या गोष्टी दुकानात रात्रपाळी करणाऱ्या बापाच्या मुलाला कुठून जमणार? हार्वर्डमधले अर्थतज्ज्ञ राज चेट्टी यांनी सहकाऱ्यांबरोबर २०२३ मध्ये मांडलेला अभ्यास सांगतो की परीक्षेत सारखेच गुण असताना सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना अव्वल खासगी विद्यापीठांत शिकायला जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असते. डार्टमथने २०२४ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली त्यामागचं कारणही ऐकण्यासारखं आहे. गरीब घरांतली मुलं चांगले गुण असूनही ते पुरेसे नाहीत असं समजून कळवतच नव्हती, आणि त्यामुळे मागे पडत होती. एमआयटीने तर २०२२ मध्येच परीक्षा परत आणली. हार्वर्ड, येल, ब्राऊन मागोमाग आले.

म्हणून बारावीचे गुण धरा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. महाराष्ट्राने २०१४ आणि २०१५ मध्ये अभियांत्रिकीसाठी बारावी निम्मी आणि जेईई मेन निम्मी असं करून पाहिलं आणि २०१६ ला पुन्हा सीईटीवर, म्हणजे राज्याच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेवर, आला. बारावीच्या गुणांवरच प्रवेश मागणाऱ्या तमिळनाडूचा नीटला असलेला विरोध मला समजतो. गावातल्या शाळेत तमिळ माध्यमातून शिकलेल्या मुलीला शिकवणीवाल्या मुलाशी एकाच मापाने मोजणं अन्यायाचंच आहे. पण प्रात्यक्षिकाचे गुण खिरापतीसारखे वाटणाऱ्या कॉलेजांचं काय करायचं, याचं उत्तर त्या बाजूला मिळत नाही.

एसएटीकडून घेण्यासारखं काही असेल तर ते पडद्यामागे आहे. त्या ९८ प्रश्नांतले ८ प्रश्न गुणांत धरलेच जात नाहीत. पुढे वापरायचे प्रश्न मुलांवर आधी पारखून घेण्यासाठी ते घातलेले असतात, आणि कुठले ते मुलांना सांगत नाहीत. त्यामुळे प्रश्न किती अवघड आहे हे तो गुणांत धरला जाण्याआधीच ठाऊक असतं, आणि मार्चमधले १३०० आणि ऑक्टोबरमधले १३०० यांची किंमत सारखी ठेवता येते. 'या वेळचा पेपर जड होता' अशी कुरकुर इथेही चालते, पण त्यावर कुणी कोर्टात जात नाही. आपली सीईटी अनेक सत्रांत, वेगवेगळ्या पेपरांनी होते. तिच्यात प्रत्येक सत्राचे पर्सेंटाइल (किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत तो आकडा) वेगळे काढतात आणि सगळ्या सत्रांत हुशार-कच्च्या मुलांचं मिश्रण सारखंच पडलं असेल असं धरून चालतात. तसं पडलं नसेल तर भरपाई मुलाच्या पदरातून. आणि प्रश्न आधी पारखलेले असते, तर २०२५ च्या २७ एप्रिलच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्यायच चुकीचे निघाले नसते आणि सुमारे २७ हजार मुलांना ५ मे रोजी पुन्हा बसावं लागलं नसतं.

जेईई मेन २०१९ पासून वर्षातून किमान दोनदा होते आणि त्यांतले चांगले गुण धरले जातात. म्हणजे दुसरी संधी देणं आपल्याला अजिबात न जमणारं नाही. नीट संगणकावर न्यायची शिफारस २०२४ च्या गोंधळानंतर नेमलेल्या राधाकृष्णन समितीनेही केली आहे. फक्त आधी संगणक विकत घेऊन मग प्रश्न गोळा करायला बसू नये. हजारो पारखलेले प्रश्न साठवायला वर्षं लागतात, त्याला उद्घाटनाची फीत नसते आणि निवडणुकीत ते दाखवता येत नाही. त्यासाठी विषयाचे आणि मापनाचे जाणकार कायम पगारावर ठेवावे लागतील. दर वर्षी ऐन वेळी बोलावलेल्या प्राध्यापकांकडून पेपर काढून घ्यायचा, हे थांबवायला हवं.