पार्लरवाल्या ताईंना उत्तर: काळी मेंदी नावाची मेंदी नसते

ताई, चांगलंच झापलंत. फोंड्याला अठरा वर्षं पार्लर चालवता, आजवर एकाही गिऱ्हाइकाला डायचा त्रास झालेला नाही, आणि ‘डाय म्हणजे डोक्यावर ओतलेला कॅन्सर’ हे माझ्या मागच्या लेखातलं वाक्य वाचून दोघींनी अपॉइंटमेंट रद्द केली, असं तुम्ही लिहिलंय. वर ‘मेंदीसुद्धा केमिकलच ना, मग तिची आरती कशाला ओवाळता?’ हा टोला.

ते वाक्य मी काढून टाकलं. उच्च माध्यमिकात जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईने असं लिहावं, याची लाज वाटली. २०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १,१७,२०० अमेरिकन नर्सांचा ३६ वर्षांचा अभ्यास आला. घरी पक्का डाय लावणाऱ्यांत बहुतेक कॅन्सरांचा धोका वाढलेला दिसला नाही. स्तनाच्या आणि बीजकोशाच्या काही प्रकारांत किंचित वाढ दिसली. पण त्या बायका बहुतेक गोऱ्या होत्या, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा आपल्याला लावता येत नाही. २०१९च्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरचा संबंध जास्त दिसला, कृष्णवर्णीय स्त्रियांत तर बराच. म्हणजे वाद मिटलेला नाही, पण माझ्या वाक्याइतकं भयंकर चित्रही नाही.

मात्र एक गोष्ट तुमच्या गिऱ्हाइकांसाठी नाही, तुमच्यासाठी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने घरी डाय लावण्याला ‘वर्गीकरण करता येत नाही’ या गटात ठेवलंय. पण सलूनमध्ये दिवसभर हे काम करणाऱ्यांच्या व्यवसायाला ‘बहुधा कॅन्सरकारक’ म्हटलंय, १९९३ला आणि पुन्हा २०१०ला. त्यामागे मुख्यतः मूत्राशयाच्या कॅन्सरचे आकडे आहेत. महिन्यातून एकदा डाय लावून जाणारी बाई आणि रोज पाच-सहा डोकी रंगवणारे तुमचे हात, यांत मला काळजी हातांची वाटते. नायट्राइलचे ग्लोव्ह्ज वापरा, आणि धुऊन दांडीवर वाळत घालू नका. हे मी एका पार्लरात पाहिलंय. कुठलं ते सांगत नाही.

आता ‘अठरा वर्षांत कुणाला काही झालं नाही’ या मुद्द्याकडे येते, कारण मीही हेच म्हणायचे. अकरा वर्षं डाय लावला, कधी खाजसुद्धा नाही. बाराव्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी बाजारातून ‘हर्बल काळी मेंदी’ आणली. डाय सोडून नैसर्गिककडे वळले म्हणून मनात खूशही होते. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. कानाच्या पाळ्या फुगल्या, टाळूवरून पाणी गळायला लागलं. गणपतीच्या डोक्यावरची फळा-पानांची माटोळी त्या वर्षी दिराने बांधली. पुढे त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासणी केली, तेव्हा दोषी कळला: पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलिनडायअमाइन. खोका पुन्हा काढून बघितला. चष्मा लावूनही कष्टाने वाचता येईल अशा अक्षरांत ते नाव तिथे होतंच.

पीपीडीचा रेणू लहान असतो. तो केसाच्या आत शिरतो, हायड्रोजन पेरॉक्साइडने त्याचं ऑक्सिडेशन होतं, रेणू एकमेकांना जोडून मोठे, रंगीत होतात आणि आतच अडकून बसतात. म्हणून रंग टिकतो. पण यात मधे जे पदार्थ तयार होतात ते त्वचेतही शिरतात, आणि आपली रोगप्रतिकारशक्ती एखाद्या दिवशी त्यांना शत्रू ठरवते. ते दहाव्या वेळीही होऊ शकतं, शंभराव्या वेळीही. एकदा ठरवलं की ठरवलं. त्यामुळे पूर्वी काही झालं नव्हतं, यावर विसंबता येत नाही. ‘अमोनिया फ्री’ लिहिलेल्या डब्यातही पीपीडी असू शकतं. अमोनियाचं काम केसाची खवलं उघडायचं, रंग द्यायचं नव्हे. अमेरिकेत १९३३ साली ‘लॅश ल्यूर’ नावाच्या पापण्या रंगवायच्या डायमुळे बायकांची दृष्टी गेली होती, त्यातही हेच होतं. आपल्याकडे डायच्या खोक्यावर ‘भुवया-पापण्यांना लावू नका’ असा इशारा छापलेला असतो, तो उगीच नाही.

तुमच्या टोल्याचं उत्तर यातच आहे. मेंदीही केमिकलच, शंभर टक्के मान्य. तिच्यातल्या रंगद्रव्याला लॉसोन म्हणतात आणि ते केसाच्या प्रथिनाला चिकटतं. पण लॉसोनचा रंग केशरी ते तपकिरी-लाल. तासाभरात कुळकुळीत काळी करणारी ‘मेंदी’ दिसली, मग ती पाकिटात असो की किनाऱ्यावर टॅटू काढणाऱ्याच्या कोनात, तर तिच्यात पीपीडी असण्याची शंका घ्यायची. लहानपणी हातावर असला टॅटू काढून घेतलेल्या मुलीची पुढे पहिल्याच डायला अशीच गत होऊ शकते. तेव्हा गिऱ्हाइकाला तेवढं विचारून घ्या. आणि कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर डाय लावून ४८ तास थांबायला सांगा, दर वेळी.

आवळा, माका, जास्वंद यांच्याबद्दलही मागच्या लेखात मी जरा वाहवत गेले. माक्याच्या तेलाने टाळूला बरं वाटतं, जास्वंदाच्या पानांनी केस मऊ होतात. पांढरा केस यातल्या कशानेही काळा होत नाही. शुद्ध वनस्पतींनी काळा करायचा तर आधी मेंदी आणि मग नीळ, म्हणजे निळीच्या पाल्याची पूड. मेंदी रात्री भिजवायची, सकाळी लावून दोन-तीन तास ठेवायची, धुवायची. नीळ मात्र कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत डोक्यावर गेलीच पाहिजे, नाहीतर फुकट. धुतल्यावर केस हिरवट दिसतात. घाबरायचं नाही, हवा लागून दोन दिवसांत रंग चढतो; तोवर शाम्पू नको. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांनी मेंदीही टाळावी, त्यांच्या रक्तपेशी फुटू शकतात. आणि मेंदीवर पेरॉक्साइडचा रंग लावला की केस तुटतात, ही तुमची तक्रार खरी आहे. दोष बहुधा भेसळीच्या मेंदीतल्या धातूच्या क्षारांचा असतो.

शेवटी तुम्ही विचारलंय, मी स्वतः काय लावते. नोव्हेंबर ते एप्रिल मेंदी आणि नीळ. पावसाळ्यात काहीच नाही. जूनच्या दमट हवेत ओलं डोकं घेऊन पाच तास बसणं नको वाटतं, आणि उशीचे अभ्रे निळे होतात ते वेगळंच. त्यामुळे चवथीच्या फोटोत भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर पांढरी पट्टी दिसते. नणंद दर वर्षी त्यावर बोलते.