‘मोबाइल बघत व्यायाम करताना आईच पडेल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ज्येष्ठांच्या ऑनलाइन तोल-व्यायामांवरच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही लांबणारच. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: पंच्याहत्तरी उलटलेल्या माणसाला स्क्रीनकडे बघत एका पायावर उभं करणं धोक्याचं आहे, रोज फिरायला जाणं पुरेसं आहे, अभ्यास सगळे परदेशातले, आणि या खटाटोपापेक्षा बाथरूममध्ये दांड्या बसवलेल्या बऱ्या. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, की आई ७८ वर्षांच्या आहेत आणि वर्षभरात दोनदा पडल्या. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

वर्षात दोनदा पडलेल्या व्यक्तीने व्हिडिओ लावून एकटीने व्यायाम सुरू करू नये. इथे तुमचं-आमचं एकमत आहे. ज्येष्ठांच्या पडण्याबद्दलच्या २०२२च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनुसार वर्षात दोन किंवा जास्त वेळा पडणं, पडून इजा होणं, शुद्ध हरपून पडणं, पडल्यावर तासभर आपलं आपण उठता न येणं, यातलं एकही असेल तर ती व्यक्ती जास्त जोखमीच्या गटात येते. अशांची आधी प्रत्यक्ष तपासणी व्हावी लागते. डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्यांबद्दल मुद्दाम विचारा. बीपी पाच मिनिटं आडवं पडल्यावर, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजायला सांगा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर आधी त्याचा बंदोबस्त, व्यायाम त्यानंतर. मग फिजिओथेरपिस्टने एकदा समोर बसून बघावं, आणि ऑनलाइन त्याच्या पुढे सुरू व्हावं.

आता फिरण्याबद्दल. फिरणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलं, त्यात वाद नाही. पण सपाट रस्त्यावर सरळ, सवयीच्या चालीने चालताना तोलाची परीक्षा फारशी होत नाही. माणसं पडतात ती वळताना, उंबरा ओलांडताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना, कमोडवरून उठताना. तिथे कामाला येतात कमरेच्या बाजूचे स्नायू, मांड्या, घोटे आणि चटकन बाजूला पाऊल टाकण्याची सवय. व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं असं २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात (म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) दिसलं, पण त्यात भरवशाचा वाटा तोलाच्या आणि रोजच्या हालचालींशी जुळणाऱ्या व्यायामांचा होता. नुसत्या चालण्याच्या कार्यक्रमांबद्दल ठाम काही सांगण्याइतका पुरावा निघाला नाही. ब्रिटनमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर हाताचं हाड मोडून गेलेल्या बायकांना झपझप चालायला लावल्यावर त्या जास्तच पडल्या.

ऑनलाइनचं म्हणाल, तर सिडनीच्या न्यूरोसायन्स रिसर्च ऑस्ट्रेलिया या संस्थेने टॅबवरचा ‘स्टँडिंगटॉल’ हा कार्यक्रम सत्तरीपुढच्या, आपलं आपण करणाऱ्या ५०३ जणांवर तपासला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. लक्ष्य होतं आठवड्याला दोन तास. पहिल्या वर्षाअखेर हा कार्यक्रम मिळालेला आणि न मिळालेला अशा दोन गटांत खात्रीने सांगण्यासारखा फरक नव्हता. दोन वर्षांचा हिशोब केला तेव्हा पडण्याचं प्रमाण १६ टक्क्यांनी आणि इजा होईल असं पडणं २० टक्क्यांनी कमी निघालं. म्हणजे महिनाभर करून ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्याने फार लवकर निकाल लावला. आणि दुसऱ्या वर्षाअखेर निम्म्याच्या आसपास लोकच व्यायाम करत होते, हेही तितकंच खरं. ही जाहिरात असती तर हे आकडे आम्ही झाकून ठेवले असते.

अभ्यास परदेशातले, हे बरोबर. तिथे ओली मोरी नाही, रबरी सपाता नाहीत, फरशीवर मांडी घालून बसणं नाही. त्यामुळे व्यायाम तेच ठेवून मांडामांड आपल्या घराची करावी लागते. आधाराला सगळ्यात उत्तम जागा स्वयंपाकघराचा ओटा. तो हलत नाही, आणि इंग्रजी ‘एल’ आकाराचा असेल तर कोपऱ्यात दोन्ही बाजूंना हात टेकता येतो. फक्त सिंकसमोरची फरशी कोरडी, पायपुसणं उचललेलं आणि गॅस बंद हवा. प्लॅस्टिकची खुर्ची आधाराला घेऊ नका. गुळगुळीत फरशीवर तिचे पाय सटकतात. उठण्या-बसण्याच्या व्यायामाला लाकडी किंवा लोखंडी, सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. साडी घोट्याच्या वर खोचलेली किंवा सरळ सलवार. नुसते मोजे घालून मुळीच नाही.

स्क्रीनबद्दलची तुमची शंका मात्र अगदी नेमकी आहे. पावलापुढे पाऊल ठेवून चालताना मान वळवून टॅबकडे पाहिलं की तोल जातोच. म्हणून व्हिडिओ आधी बसून बघायचा, आणि करताना फक्त आवाज ऐकायचा. मोबाइल खाली ठेवला की मान वाकते, आणि दुहेरी चष्मा असेल तर खालच्या भिंगातून फरशी अंधुक दिसते. मोबाइल छातीच्या उंचीवर, दोन-अडीच मीटर लांब, डोक्यापासून पावलांपर्यंत सगळं दिसेल असा लावा. मागे खिडकी नको, नाहीतर शिकवणाऱ्याला नुसती काळी आकृती दिसते. वर्गात चाळीस चौकटी असतील तर तुमच्या आईंची टाच उचलली गेली की नाही, हे कोणालाही दिसत नाही. आठ-दहा जणांचाच वर्ग बघा, आणि पहिले काही दिवस घरातलं कोणीतरी हाताच्या अंतरावर उभं राहू द्या.

आणखी एक खटकणारी गोष्ट. ‘ज्येष्ठांसाठी’ म्हणून फिरणारे पुष्कळ व्हिडिओ अथपासून इतिपर्यंत खुर्चीत बसून असतात. खांदे मोकळे होतात, पण तोल सुधारत नाही, कारण त्यासाठी उभं राहून, आधार हळूहळू कमी करत जावं लागतं. न्यूझीलंडच्या ‘ओटागो’ या ज्येष्ठांच्या व्यायाम-कार्यक्रमात आठवड्यातून तीनदा अर्धा तास हेच करतात, आणि चालणं त्याच्या जोडीला असतं. टाचा वर उचलणं १० वेळा, आधी दोन्ही हात ओट्यावर, मग एक, मग नुसती बोटं. ओट्याला समांतर बाजूला चालणं, १० पावलं जाऊन १० परत. टाचेला चवडा लावून १० सेकंद उभं राहणं. घोट्याला वजनपट्टी बांधून, खुर्चीत बसून गुडघा सरळ करणं. हा एक व्यायाम बसून चालतो, कारण तो मांडीच्या ताकदीसाठी आहे. दहा-दहाचे दोन फेरे सहज जमले की वजन वाढवायचं. कायम सोपंच राहिलं, तर व्यायाम झाला पण उपयोग झाला नाही. डुगडुगायला होतं, पण सावरता येतं, इतपत अवघड हवं. चक्कर, छातीत दुखणं किंवा सांध्यात कळ आली तर थांबायचं.

पडल्यावर उठायचं कसं, हेही फिजिओकडून शिकून घ्या: कुशीवर वळणं, कोपरावर येणं, मग हात-गुडघ्यांवर रांगत पलंगापर्यंत जाणं, हात टेकून बळकट पाय पुढे घेणं आणि मग बसणं. गुडघे दुखू लागल्यावर जमिनीवर बसणं सुटलेल्यांना याची विशेष गरज असते.

आणि दांड्या? जरूर बसवा, आजच. भिंतीत ड्रिल करून स्क्रूने. रबरी सक्शन कपने चिकटणाऱ्या नकोत, कारण टाइलच्या सांध्यावर किंवा ओलसर भिंतीवर त्या नेमक्या भार पडल्यावर सुटतात. एक कमोडच्या बाजूला, एक नहाणीच्या जागी. जागा ठरवताना आईंना तिथे बसवून-उठवून बघा, त्यांचा हात आपसूक जिथे जातो तिथेच पेन्सिलची खूण करा, आणि मग प्लंबरला बोलवा.