फाटकाशी बसलेली कुत्री आणि पन्नास रुपयांचा दंड

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वाडीतली घरं एकेक करून बंद होतात. चाकरमानी मुंबईला परततात, पडवीला ताडपत्री बांधली जाते. यंदा शेजारच्या घराला कुलूप लागलं आणि फाटकाशी एक कुत्री बसून राहिली. चार-पाच महिन्यांची असेल. मे महिनाभर त्या घरातल्या मुलांनी तिला बिस्किटं भरवली, नाव ठेवलं, अंथरुणात घेतलं. गाडी सुटली तशी ती तिठ्यापर्यंत मागे धावत गेली, हे आमच्या काकींनी बघितलं. "इली काय ह्येंका कुत्रो व्हयो, गेली काय तेका बघूचा कोणी?" काकी एवढंच म्हणाल्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर गेल्या.

चौथ्या दिवशी ती जवळ आली तेव्हा गळ्यातली दोरी दिसली. जाळ्याची निळी नायलॉनची दोरी, पक्की गाठ मारलेली. बांधली तेव्हा पिल्लू लहान होतं. मान भरत गेली, दोरी तेवढीच राहिली. खालचे केस झडून कातडी लाल, ओली झाली होती. सुरी आत जाईना, म्हणून काकींनी छोट्या कात्रीने एकेक धागा कापला. अर्धा तास लागला. कुत्री त्यांच्या मांडीवर मान टाकून गप्प पडून होती.

मी त्या घरच्यांना फोन केला. "ताई, आमची सोसायटी कुत्रा ठेवू देत नाही. गावाला मोकळं राहील ना ते." माणसं वाईट नाहीत. त्यांना कोणीतरी तसंच सांगितलंय आणि त्यांनी ते मानलंय. पण खरं ते नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत: बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका असंही सांगता येत नाही. हा कागद त्यांच्या हातात असता तर कदाचित ती आज त्यांच्या घरात असती.

आणि सोडून देणं हा गुन्हा आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं कलम ११ वाचा. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणं, पोटाला न घालणं, आखूड किंवा जड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं, सगळं त्यात आहे. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत आज बांगड्याचा वाटाही येत नाही! रक्कम १९६० ची, तिथेच राहिली. २०२२ मध्ये केंद्राने दंड वाढवणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी ठेवला तेव्हा मला फार आशा वाटली होती.

तरीही नुसता दंड वाढवा असं मी म्हणणार नाही, कारण पुढे जे झालं ते मी स्वतः अनुभवलं. तिची नसबंदी करायची ठरवली. जवळच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर भले माणूस, जखमेवर औषध लावलं, रेबीजची लस टोचली. पण दवाखाना गुरांचा. कुत्रीच्या ऑपरेशनची सोय नाही, शहरात खासगीत जा म्हणाले. दोन रिक्षावाल्यांनी कुत्री बघून नाही म्हटलं. तिसरा आला, त्याने दुप्पट भाडं घेतलं. ऑपरेशनचे, औषधांचे, रिक्षाचे मिळून जेवढे गेले, तेवढ्यात मासेमारी बंद असलेल्या दिवसांत एखाद्या खलाशाच्या घराचं पंधरा दिवसांचं सामान येतं. तो कुठून करणार? मग वर्षातून एकदा-दोनदा पिल्लं होतात आणि त्यातल्या माद्या गोणपाटात घालून बंदरावर सोडल्या जातात. सोडणाऱ्याचा मला राग येतोच, पण त्याच्यासमोर दुसरा रस्ता आपण ठेवलेला नाही, हेही मला दिसतं. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याच्या लसीची आणि नसबंदीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. योग्यच आहे. मग मालकाला ती पार पाडता येईल अशी सोयही हवी.

रेल्वेचंच बघा. कुत्रा न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थचं केबिन आरक्षित करा, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत एकटा ठेवा. कोकणातून मुंबईला साध्या डब्याने जाणाऱ्या घराने काय करायचं? झाकलेल्या टोपलीत, लसीचा दाखला दाखवून, तिकीट काढून एखादं जनावर जवळ ठेवू द्यायला काय हरकत आहे?

माझी मागणी छोटी आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आठवड्यातला एक दिवस कुत्र्या-मांजरांचा ठेवा. रेबीजची लस आणि नसबंदी, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्यांना फुकट. एक भूल देणारा, एक टेबल, थोडी औषधं. रेबीज झालेला माणूस जवळपास कधीच वाचत नाही, हे आपल्या गावांना वेगळं सांगायला नको.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी मी अर्ज लिहिलाय. काकींनी अंगठा उठवलाय, तिसऱ्या रिक्षावाल्याने सही केलीय. कुत्री सध्या काकींच्याच पडवीत झोपते. गळ्याभोवती नवे केस येतायत, पांढरे.