16 किलो-ओहमचा आग्रह: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

हेवी मेटलसाठी गिटारचा पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा, चुंबक आणि तारेच्या वेढ्यांचा भाग) कसा निवडावा, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: ब्रिजजवळच्या (तारा गिटारच्या अंगावर जेथे टेकतात तेथल्या) पिकअपचा रोध 16 किलो-ओहमपेक्षा कमी असेल तर त्यातून मेटलचा आवाज निघू शकत नाही, अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) पिकअपांची मी दोन ओळींत बोळवण केली, सात तारांच्या गिटारचा साधा उल्लेखही केला नाही, आणि एकूणच ‘हा लेख गिटार हातात न धरता, तक्ते वाचून लिहिलेला दिसतो’. यांतले शेवटचे वाक्य आपण प्रतिक्रियेच्या अगदी सुरुवातीला घातले आहे, म्हणून मीही तेथूनच सुरुवात करतो.

मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु एखाद्याचा युक्तिवाद पटला नाही असे म्हणणे आणि त्याने वाद्याला हातच लावलेला नाही असे सुचवणे, यांतला फरक आपल्यासारख्या जाणकाराला समजावून सांगण्याची वेळ येऊ नये. (‘जाणकार’ हा शब्द मी अजून तरी उपरोधाने वापरलेला नाही.) मी शाळेत असल्यापासून गिटार वाजवतो, बँडमध्ये ऱ्हिदम गिटारची बाजू मी वर्षानुवर्षे सांभाळली आहे, आणि माझ्या गिटारींमधील पिकअप मी स्वतःच्या हाताने काढतो, बसवतो व त्यांच्या जोडांना सोल्डरचे टाके घालतो. त्यांपैकी एका गिटारीला आधीच्या मालकाने अतिशय जोरकस, सिरॅमिक चुंबकाचा हम्बकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) बसवलेला होता. एकट्याने वाजवताना त्याचा आवाज छाती दडपून टाकणारा वाटे. पण ड्रम्स आणि बेस सुरू झाले की माझे पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून काढलेले आखूड आघात) त्या गदारोळात कोठे विरघळले हे शेजारी उभ्या असलेल्या गायकालाही कळत नसे. तीच गिटार, तोच अँप आणि त्याच जाडीच्या तारा ठेवून मी तेथे अल्निको 5 या मिश्रधातूच्या चुंबकाचा मध्यम आउटपुटचा हम्बकर बसवला, अँपवरचा गेन (संकेत किती वाढवायचा याचे बटण) किंचित वाढवला, आणि वेगवान रिफमधला (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीतला) प्रत्येक आघात सुटा ऐकू येऊ लागला. हे मला कोणत्याही तक्त्याने सांगितलेले नाही.

खरी गंमत पुढेच आहे. तक्ते वाचल्याचा ठपका माझ्यावर ठेवणाऱ्या आपल्या प्रतिक्रियेत पुरावा म्हणून एकच गोष्ट सापडते, आणि ती म्हणजे तक्त्यातला आकडा. 16 किलो-ओहम हा तारेचा एकदिश रोध झाला; पिकअप किती जोराने बोलतो याचे ते माप नव्हे. तेवढेच वेढे 42 गेजऐवजी 43 गेजच्या अधिक बारीक तारेने घातले, तर रोध सुमारे एक चतुर्थांशाने वाढतो, पण वेढे आणि चुंबक तेच राहिल्यामुळे निर्माण होणारे व्होल्टेज जवळपास तेवढेच असते. इतकेच काय, खोलीचे तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले तरी तांब्याचा रोध साधारण 4 टक्क्यांनी वाढतो. आपल्या निकषाप्रमाणे मग काठावरचा पिकअप उन्हाळ्यात मेटलला चालावा आणि थंडीत नापास व्हावा. वेढे वाढवले की आउटपुट वाढते हे मला मान्य आहे, आणि लेखात मी ते लिहिलेही होते. पण वेढ्यांबरोबर प्रेरकत्व वाढते, अनुनादाचे शिखर (पिकअप ज्या कंपनसंख्येला सर्वांत जोराने प्रतिसाद देतो ती जागा) खाली सरकते, मधले स्वर फुगतात आणि तारेवर प्लेक्ट्रम (तारा छेडण्याची पट्टी) पडल्याची ती करकरीत धार बोथट होते. ज्या संगीताचा सगळा डोलारा त्या धारेवर उभा आहे, तेथे ही किंमत लहान नाही.

ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याचे उदाहरण आपण वाचले असेलच, कारण लेखात ते होते. ब्लॅक सॅबथचा 1970 सालचा पहिला अल्बम मुख्यतः ज्या गिब्सन एसजीवर वाजवला गेला, तिला पी-90 प्रकारचे सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप होते. त्या प्रकारच्या पिकअपचा रोध सहसा 8 किलो-ओहमच्या आसपास, म्हणजे आपल्या किमान अटीच्या निम्माच असतो. पिकअप आणि अँप यांच्यामध्ये आयोमी ट्रेबल बूस्टर ठेवत असे, म्हणजे डिस्टॉर्शन (अँपने आवाजाला आणलेला खरखरीतपणा) होण्यापूर्वीच वरच्या स्वरांना उठाव मिळे आणि खर्जाचा फुगवटा मागे पडे. आजचे वादक ट्यूब स्क्रीमरसारख्या पेडलचा ड्राइव्ह (खरखरीतपणा) शून्यावर आणि लेव्हल (बाहेर पडणाऱ्या संकेताची पातळी) वर ठेवून हाय-गेन अँपला जोडतात, त्यामागेही हेच कारण आहे. गेन अँपमध्ये हवा तेवढा असतो. डिस्टॉर्शनमध्ये शिरणारा खर्ज किती आवळलेला आहे, यावर रिफचा कणखरपणा ठरतो. पिकअप निवडताना कान तिकडे द्यावा, एवढेच माझ्या लेखाचे म्हणणे होते आणि आजही आहे. आपण त्यावर एक अक्षर लिहिलेले नाही.

अ‍ॅक्टिव्ह पिकअपांना दोन ओळी पुरेशा होत्या असे मला वाटते. त्यांच्यात प्रीअँप (संकेत वाढवणारे छोटे मंडल) असतो, त्याला 9 व्होल्टची बॅटरी लागते, सोबतचे पॉट (आवाज व टोन कमी-जास्त करणारी फिरती बटणे) 500 ऐवजी 25 किलो-ओहमचे असतात, आणि लांब केबलमुळे वरचे स्वर फारसे गळत नाहीत. ज्यांना तो घट्ट, सपाट आवाज रुचतो त्यांनी ते खुशाल वापरावेत. जाता जाता, मेटॅलिका बँडच्या जेम्स हेटफिल्डने दीर्घकाळ वापरलेला ईएमजी 81 हा असाच पिकअप मल्टीमीटरला लावून पाहावा. आत प्रीअँप असल्यामुळे बाहेरून मोजलेल्या रोधाला तेथे काहीच अर्थ उरत नाही, आणि आपल्या 16 किलो-ओहमच्या नियमात तो बसतो की नाही हे आपणच ठरवावे.

सात तारांच्या गिटारविषयी मात्र आपले बरोबर आहे. तिच्यासाठी एक परिच्छेद हवा होता. प्रचलित सुरावटीत तिची सर्वांत खालची तार सुमारे 62 हर्ट्झवर बोलते, सहा तारांच्या गिटारीची सुमारे 82 हर्ट्झवर, आणि त्यामुळे खर्ज गढूळ होण्याचा धोका तेथे आणखी वाढतो. अशा गिटारीवर पिकअप बदलण्याआधी त्याची जाड तारेकडची बाजू स्क्रूने थोडी खाली घेऊन पाहावी, कारण पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. या विषयावर स्वतंत्र लेख लिहिण्याचा माझा विचार आहे, आणि तो आपल्या प्रतिक्रियेच्या आधीपासूनचा आहे.