तत्त्वज्ञानात एम.ए. करून काय मिळतं म्हणणाऱ्यांनो

दुपारपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

माझी एक विद्यार्थिनी आहे. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र माझ्याकडे शिकली, आता फर्स्ट क्लासमध्ये बी.ए. झाली. तिला पुणे विद्यापीठात तत्त्वज्ञानात एम.ए. करायचंय. आज तिचे वडील आणि मामा घरी आले. म्हणे, "मॅडम, पोरगी तुमचं ऐकती. बी.एड. कर म्हणून तुम्हीच समजवा." वडील चहाचा कप हातात धरून खाली बघत बसलेले. बोलत होते मामा. म्हणाले, "तत्त्वज्ञान शिकायला पुण्याला कशाला जायचं? म्हातारपणी हरिपाठ म्हणायचाच आहे की."

घरी आलेल्या माणसाला काय बोलणार? गप्प बसले. आता बोलते.

मामा, तुम्ही अंबाजोगाईचे. मुकुंदराजांच्या समाधीला जाता, हात जोडता. त्यांनी 1188 साली विवेकसिंधु लिहिला, तो सगळा वेदान्त आहे, आणि आपल्या मराठीत आहे. दासोपंतांनी लांबच लांब कापडाच्या पासोडीवर पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांतून जग कसं घडतं याचा वेदान्ती विचार, लिहून काढला, तेही तुमच्याच गावात. आपल्या मातीत हे सगळं पिकलं आणि आपल्याच पोरीनं त्याचा अभ्यास करायचा म्हटलं की तो रिकामा उद्योग होतो?

मी पुण्याला एम.ए. करत होते तेव्हाची गोष्ट. दिवाळीला घरी आले होते. रात्री अंगणात बाबांनी विचारलं, "काय शिकायलीस गं तिथं?" बाबा चौथी शिकलेले. मी त्यांना मिलिंदपञ्हमधला, म्हणजे मिलिंद राजाच्या प्रश्नांच्या पाली बौद्ध ग्रंथातला, रथ सांगितला. मिलिंद राजा रथातून येतो. नागसेन भिक्खू त्याला विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ आहे कुठं? बाबांना समजावं म्हणून मी रथाची बैलगाडी केली. आख, धाव, आरे, साटा, शिवळा, एकेक सुटं करत गेले. बाबा ऐकत राहिले, काहीच बोलले नाहीत. सकाळी आखाला वंगण लावताना मला हाक मारून म्हणाले, "तुज्या त्या साधूनं बैल धरलेच न्हाईत की. बैलाबिगर कसली गाडी?"

रात्रभर माणूस त्याच्यावर विचार करत होता!

सुट्टी संपल्यावर मी ते वर्गात सांगितलं. सरांनी त्या दिवशीचा विषय बाजूला ठेवला आणि पूर्ण तास बैलांवर घेतला. वस्तू तिच्या भागांनी बनते की तिच्या कामानं? काम करायला जे लागतं ते तिच्यात धरायचं की बाहेर ठेवायचं? एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या शंकेवर एम.ए.चा वर्ग भांडत होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या वर्गात माझी जागा आहे. तोवर जर्मन तत्त्वज्ञ कांटचं एक-एक पान पेन्सिलीनं शब्दांवर अर्थ लिहीत वाचायचे आणि रडायचे. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान-महाकोश ग्रंथालयात नसता तर मी पहिल्याच सत्रात परत आले असते.

नोकऱ्या नाहीत म्हणता, तर हो, नाहीत. जागा भरत नाहीत, नेट-सेट झालेली पोरं तासिकेवर राबतात. पण बी.एड. झालेल्यांसाठी कोणती शाळा दार उघडून बसलीय? भरतीची वाट बघून पोरांचे केस पिकले. आणि नोकरीच्याच भाषेत बोलायचं तर यूपीएससीला तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे, शिवाय 2013 पासून नीतिशास्त्राचा पेपर सगळ्यांनाच द्यावा लागतो. पण हे मी नाइलाजानं सांगतेय. पोरीला शिकायचंय एवढं कारण पुरेसं का नाही? 'उपयोग काय' हा प्रश्न गावाकडच्या पोरांनाच का? त्यातही पोरींना जास्त!

बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादेत कॉलेज काढलं. त्याला नाव दिलं मिलिंद, परिसराला नागसेनवन. पिढ्यानपिढ्या ज्यांना प्रश्न विचारू दिले नाहीत, त्यांच्या पोरांच्या कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव! कोलंबिया विद्यापीठात ते स्वतः जॉन ड्युई या अमेरिकन तत्त्वज्ञाच्या वर्गात बसलेले. त्यांना कळत नव्हतं का, आपल्या पोरांना कशाची गरज आहे?

रागाच्या भरात मघाशी तिच्या वडिलांबद्दल नीट लिहिलं नाही. निघताना ते दारात थांबले. मामा गाडी काढायला पुढं गेलेले. हळूच म्हणाले, "मॅडम, तिकडं खर्च किती येतो?" त्यांच्या मनात नाही असं नाही. दोन वर्षं पोरगी लांब ठेवायची, यंदाच्या सोयाबीनचा भाव असा, मागं अजून एक पोरगा शिकायचाय. त्यांची भीती मला समजते. माझ्या बाबांनाही ती असणार, मला कधी दाखवली नाही.

मामांशी मी रविवारी घरी जाऊन बोलणार आहे. प्रवेशाचा फॉर्म तिच्याकडून मी भरून घेते. माझ्या जुन्या वह्या आणि 'परामर्श' या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकाचे अंक तिला देणार आहे. पुण्यातल्या मित्रमैत्रिणींनो, वसतिगृहात नंबर लागेपर्यंत विद्यापीठाजवळ मुलीसाठी कॉट-बेसिसवर जागा लागेल. ओळखीचं घर असेल तर आधी मला इनबॉक्स करा, भाडं किती तेही लिहा.