गेलेली पाळी ‘परत’ येत नाही

“अगं, पाच वर्षांनी मला परत पाळी आली!” मावशी फोनवर हसत होती. तीन आठवडे अधूनमधून अंगावरून जातंय आणि ही गप्प, कारण फॅमिली ग्रुपवरचा मेसेज: ‘चाळिशीनंतरचा रक्तस्राव म्हणजे साठलेलं अशुद्ध रक्त, थांबवू नका. गेलेली पाळी परत येणं हे तारुण्याचं लक्षण. डॉक्टरकडे गेलात तर पिशवी काढतील.’ मलाही तो चारदा आलाय.

आधी ते तारुण्य. सलग १२ महिने पाळी आली नाही, की ती गेली. त्यानंतर दिसणारं रक्त पाळीचं नसतं, मग तो चड्डीवरचा एक तपकिरी डाग का असेना. कारण बहुतेकदा साधं निघतं: गर्भाशयाचं किंवा योनीमार्गाचं पातळ, कोरडं पडलेलं अस्तर किंवा पॉलिप, म्हणजे अस्तरावर आलेला छोटासा कोंब. पण २०१८ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात १२९ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. पाळी गेल्यावर रक्तस्राव झालेल्यांपैकी साधारण ९ टक्के बायकांना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होता. उलट बाजूने, हा कॅन्सर झालेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के जणींना असा रक्तस्राव झालेला होता. शंभरातल्या नव्वदहून जास्त जणींना कॅन्सर नव्हता, हे मी मावशीला आधी सांगितलं. पण उरलेल्यांना शरीर स्वतःहून इशारा देतंय, आणि मेसेज म्हणतो, आनंद माना!

‘अशुद्ध रक्त’? पिशवी म्हणजे काही टाकी नव्हे. हातावर सुई टोचली तर निघेल तेच रक्त, सोबत गळलेलं अस्तर. ते जात राहिलं की हिमोग्लोबिन उतरतं, जिना चढताना धाप लागते.

चाळिशीत पाळी मागेपुढे होते, हे मात्र खरं. बीज दर महिन्याला सुटेनासं होतं. म्हणून काहीही खपवून घ्यायचं नाही. आठ दिवसांहून जास्त स्राव, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त, रक्ताच्या मोठ्या गाठी: डॉक्टरांना दाखवायचं. तासाला एक पॅड भिजतंय आणि दोन तास तेच चाललंय, चक्कर येतेय किंवा दिवस गेल्याची शक्यता आहे, तर त्याच दिवशी.

पिशवी विनाकारण काढली जाते, तेही नाकारत नाही. तसं सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. पण सुरुवात होते सोनोग्राफीने, रक्ततपासणीने, गरज पडली तर अस्तराच्या छोट्या तुकड्याच्या बायोप्सीने. पुष्कळ जणींचं गोळ्यांवर भागतं.

“मग ग्रुपवर काय लिहू?” मावशीने विचारलं.

म्हटलं, आधी सोनोग्राफीची वेळ घे.