कापसाचं जनुक डाळिंबात? आबा, ते पोतं खाली ठेवा

गेल्या आठवड्यात सांगोल्याहून आबांचा फोन आला. "बांधावरच्या चिंचेला आग्या मोहोळ बसलंय. पोतं डिझेलात भिजवून ठेवलंय, जाळू का?" कुणाला चावलं का, विचारलं. नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय म्हणे. मेसेज असा: मधमाश्या बीटी कापसाचं जनुक ज्वारीत आणि डाळिंबात नेतात, फळांना भोकं पाडतात, फळधारणेला मधमाश्यांची एक पेटी भाड्याने आणा आणि रानातली मोहोळं जाळून टाका. ज्या सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याचं नावच मोहोळ, तिथे हे फिरतंय!

आधी जनुकाचं बघू, पोतं त्यापायीच भिजलंय. मधमाशी नेते ते परागकण. कापसाचा पराग ज्वारीच्या कणसावर पडला तर तिथेच वाळतो, ती सोयरीक जमतच नाही. ज्वारीचं बहुतेक काम स्वतःच्याच परागावर आणि वाऱ्यावर भागतं, माशी आली काय, न आली काय. डाळिंबाचं तर हसूच येतं. आबा, भगव्या वाणाच्या डाळिंबाची बाग आपण बी पेरून लावली होती का? गुटी बांधून, म्हणजे फांदीलाच मुळं फोडून ना? परागातून येणारं जनुक जातं बियाच्या गर्भात, आणि ते बी कोणी पेरत नाही. ज्या लाल दाण्याचा भाव मिळतो तो बियावरचा रसाळ थर, पूर्ण आईच्या झाडाचा. पराग कुठल्याही झाडाचा असो, गर भगव्याचाच राहतो.

एवढं मात्र मान्य करतो की एकाच पिकाच्या दोन वाणांत मधमाशी सरमिसळ करते. लाल आणि पांढऱ्या कांद्याचे गोंडे शेजारीशेजारी ठेवले तर बियाणं बिघडणारच. म्हणून प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटांत ५०० मीटर अंतर ठेवायला सांगतात. घरची तूरही अशीच बदलत जाते. त्यावर उपाय अंतर हा आहे, डिझेल नव्हे.

भोकं पाडते ती फळ पोखरणारी सुरसा अळी, नाहीतर रात्री येणारा रस शोषणारा पतंग. मधमाशीला डाळिंबाची साल फोडता येत नाही. आधीच फुटलेल्या फळावर ती रस चाटायला बसते आणि आळ तिच्यावर येतो.

राहिली 'एक पेटी पुरे' ही गोष्ट. पेटीत सातेरी ही देशी मधमाशी राहते, नाहीतर १९६२ साली भारतात आणलेली युरोपीय माशी. आग्या पेटीत नांदत नाही, पण खाद्यासाठी कित्येक किलोमीटर जातो. वांग्याचा पराग मिठाच्या डबीसारख्या बारीक छिद्रातून बाहेर पडतो. तो झाडायला फुलाला धरून गुणगुणणारी रानमाशी लागते, पेटीतल्या मधमाशीला ते जमत नाही. तुरीच्या फुलाची पाकळी दाबून आत शिरायला जड अंगाचा भुंगा बरा. 'सायन्स' नियतकालिकात २०१३ साली जगभरातल्या ४१ पीक-पद्धतींचा अभ्यास आला होता. रानकीटकांच्या भेटींनी फळधारणा सगळीकडे वाढलेली दिसली. पेटीत पाळतात त्या मधमाश्यांच्या भेटींनी लक्षणीय वाढ फक्त १४ टक्के ठिकाणी. म्हणजे पेटी आणायचीच असेल तर आणा, रानातल्या माश्या असू द्या.

तर आबा, पोतं शेतापासून लांब टाका. मोहोळाखाली कामाला माणसं लावू नका, आग्या चवताळला की खरंच जीव घेतो. आणि फुलोऱ्यात फवारायचंच असेल तर दिवस मावळल्यावर फवारा, तोवर बहुतेक माश्या घरी गेलेल्या असतात.